‘नौका’ म्हणू नये, ‘जहाज’ म्हणावं

विमानवाहू नौकांबद्दल मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला कळत नाही! आता गल्लीत आमचं धुलाईचं दुकान, समोर बेकरी आणि कोपऱ्यावर बँडमास्तरांचं घर, एवढीच वस्ती आहे, ही गोष्ट वेगळी. पण कुणाची नौका कुणाला भारी, हे मी इस्त्री फिरवता फिरवता सांगते. इस्त्रीचं टेबल ही माझी धावपट्टी. टोकाला शर्टाची कॉलर उभी केली, की झाला चढ! त्या चढावरून विमान बेडकासारखं टुणकन हवेत जातं. भारताच्या दोघी अशाच चढाच्या. चीनच्या तिघींपैकी दोघी तशाच, तिसरी मात्र विजेच्या झटक्याने विमान गलोलीतल्या खड्यासारखं भिरकावते. जपानने आपल्या हेलिकॉप्टरवाल्या दोघींना लढाऊ विमानं पेलायला शिकवायला घेतलंय. आणि थायलंडची एक चिमुकली आहे, तिची विमानं केव्हाच निवृत्त झाली. बिचारी रिकाम्या अंगणासारखी उभी असते.

माझा दादा शेजारच्या गावात घड्याळं दुरुस्त करतो. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि आमचं सागरी युद्ध सुरू होतं. कोण कुणाच्या बाजूने, हे नाणं उडवून ठरतं. नाणं दादा उडवतो, छापा पडला की काटा तेही दादाच सांगतो. माझा विश्वास आहे. भाऊ आहे शेवटी!

आमचं एकाच गोष्टीवर कधी जमलं नाही. दादा ‘जहाज’ म्हणतो, मी ‘नौका’ म्हणते. जहाज म्हणजे ‘ते’. नौका म्हणजे ‘ती’. एवढासा फरक! त्यात भारताच्या दोघींना मी घरातलीच नावं ठेवली होती, लक्षात राहायला सोपी म्हणून. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी.

आता घरात थोरली कोण? तर माझी आई. धाकटी कोण? माझी मावशी. सगळं गणगोत त्यांना याच नावांनी हाक मारतं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मोठ्या लोकांचं लक्ष नेहमी दूरच्या क्षितिजावर असतं!

त्या रविवारी चीन दादाच्या वाट्याला गेला, भारत माझ्या. मी फोन खांद्यात धरून एक पँट इस्त्री करत होते. आई टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे बटणं लावत बसली होती. तिथे ती आहे, हे मला माहीत नव्हतं.

“दादा, दोघींत भागत नाही रे!” मी कडाडले. “एक दुरुस्तीला गेली की सगळा भार दुसरीवर. मला विचारशील तर धाकटीवर भिस्त ठेवावी. थोरली आता थकली. तिच्या जागी नवी आणायलाच हवी!”

पलीकडून दादा काहीतरी म्हणाला.

“लगेच मोडीत नको काढायला,” मी मोठ्या मनाने म्हटलं. “किनाऱ्याला लावून ठेवावी. वस्तुसंग्रहालय करावं. लोक येतील, बघतील, फोटो काढतील!”

कोटांमागे एक बटण टपकन खाली पडलं. मला वाटलं, उंदीर.

इथे आईबद्दल एक सांगायला हवं. आमची आई रागावली की यमकात बोलते. तिच्या आईकडून आलेलं आहे ते. एरवी सरळ बोलेल, पण मन दुखलं की शब्दाला शब्द आपसूक जुळायला लागतो. दोन ओळी म्हणजे ढग आले. चार ओळी म्हणजे वीज पडली!

संध्याकाळी मी विचारलं, “आई, चहा घेतेस?”

“चहा नको, दूध नको,
म्हातारीला जागा नको.”

मी घाबरले. गुडघे दुखत असणार! म्हटलं, “आई, उद्या डॉक्टरकडे जाऊ. एकदा सगळी दुरुस्ती करून घेऊ तुझी.”

दुरुस्ती! हा शब्द मला त्या वेळी कुठून सुचला, देव जाणे. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस सुटलेल्या गाडीकडे बघतं. मग खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाली,

“जुनी झाली होडी, लावा किनाऱ्याला,
पोरं ज्यात वाढली, त्या गं निवाऱ्याला.
नवी आणा कोणी, रंगाची चकाकी,
थोरलीचं काम आता काय राहिलं बाकी?”

चार ओळी! पण मी ओळी मोजल्याच नाहीत. होडी, किनारा, थोरली! आईलाही आरमाराची गोडी लागली, या आनंदात मी टाळी वाजवून ओरडले, “अगदी बरोबर, आई! काही म्हणता काही राहिलं नाही! मीही दादाला तेच सांगत होते!”

आई न जेवता झोपली. मी मनात म्हटलं, अभ्यासाला लागली वाटतं.

सकाळी दुकान उघडते तर दाराआड आईची पेटी. वर घडी केलेली शाल. आई फोनवर मावशीशी बोलत होती, “धाकटे, तुझ्याकडे एक खाट मावेल का गं?” मला पाहून तिने फोन ठेवला आणि पदर खोचला.

“बँडमास्तरांचे कोट आज मी पोचवते.”

“अगं, सगळे? आई, संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम आहे. ढकलगाडी जड होईल तुला!”

“वाहू दे मला!” आई म्हणाली. “जायच्या आधी बघून घे, थोरली अजून किती वाहते ती!”

विमानवाहू ऐकलं होतं. कोटवाहू आज पाहत होते!

आमच्या दुकानाला पायऱ्या आहेत, आणि ढकलगाडीसाठी त्यांच्यावर एक लांब फळी टाकलेली आहे. ऊन खाऊन खाऊन तिचं खालचं टोक वर वळलंय. गाडीला धरून सावकाश उतरायचं असतं. पण आईला आज वेग दाखवायचा होता. तिने गाडी लोटली, तिचा हात सुटला, आणि गाडी सुसाट! घरंगळत खाली आली, वळलेल्या टोकावर चढली आणि टुणकन उडाली!

सगळे पांढरेशुभ्र कोट बाह्या पसरून आकाशात गेले. उन्हात काय दिसत होते म्हणून सांगू! जणू बगळ्यांची माळ सुटली. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा?

“वा! काय उड्डाण आहे!”

उड्डाणाचं ठीक, पण उतरायचं कुठे? बेकरीवाल्याने सकाळीच दुकानापुढचा बाक हिरवा रंगवला होता. एक सोडून सगळे कोट एकामागून एक त्या बाकावर उतरले. उरलेला एक बेकरीवाल्याच्या डोक्यावर.

“काय झालं? कुणी दिवे घालवले?” तो कोटातून ओरडला.

मी हसत सुटले आणि वळून पाहिलं. आई पायरीवर बसली होती. रिकाम्या हातांकडे बघत रडत होती.

“झाले ना निकामी?” ती म्हणाली. यमक नाही, काही नाही. “ठेवा मला आता वस्तुसंग्रहालयात. पोरांनो, फोटो मात्र चांगला लावा.”

वस्तुसंग्रहालय! माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पेटी, खाट, होडी, बटण टपकन पडलेलं, सगळं एकदम कळलं. मी तिच्याजवळ पायरीवर बसकण मारली.

“आई! अगं, ती थोरली म्हणजे नौका! भारताची विमानवाहू नौका! तू नव्हेस गं!”

आईने पदराने नाक पुसलं. “नौका?”

“नौका! आधी दुसऱ्या देशाची होती. मग भारताने आणली, सगळी नव्याने बांधल्यासारखी केली, नवं नाव ठेवलं.”

“मी नाही का परक्या घरून आले? माझंही नाव बदललंच की.” आई ताठ बसली. “आणि तिला तू मोडीत काढतेस!”

“मोडीत नको म्हटलं मी! किनाऱ्याला...”

“तेच ते!”

मी मान खाली घातली. मग एकेक करून आईने सगळ्या नौकांची चौकशी केली, जशी ती गणगोताची करते. चीनच्या गलोलीवालीला म्हणाली, “तापट दिसते.” जपानच्या दोघींना म्हणाली, “शिकू देत सावकाश.” थायलंडच्या चिमुकलीपाशी मात्र थांबली.

“विमानं नाहीत, मग ती करते काय दिवसभर?”

“हेलिकॉप्टर उतरतं तिच्यावर. पूर आला, वादळ झालं, की लोकांना मदत घेऊन जाते.”

“मग तीच सगळ्यांत भारी! पुढच्या रविवारी मी तिच्या बाजूने. नाणं उडवायचं नाही!”

तेवढ्यात फोन वाजला. मावशीने दादाला कळवलं होतं. तो इतक्या मोठ्याने ओरडत होता, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. “आई, मी येतो तुला घ्यायला! आत्ता बसमध्ये बसतो! तू माझ्याकडे राहा!”

“मी कुठे जात नाही,” आई म्हणाली. “पण तू ये. आणि येताना टर्पेंटाइन आण. आपली बाटली बेकरीवाल्याने बाक रंगवायला नेली आणि संपवली.”

सगळी वाक्यं सरळ! कुठे यमकाचा मागमूस नाही! मी निःश्वास सोडला. ओल्या रंगातून कोट सोडवून मी ते गाडीत भरून आणले. आईने पेटी उचलून परत आत नेली. मी तिच्या मागोमाग शाल घेऊन गेले. तिने शाल माझ्या हातातून घेतली, माझ्या गालावरचा हिरवा डाग अंगठ्याने पुसला आणि बाकाच्या रंगाने हिरवा पट्टेदार झालेला एक कोट माझ्या खांद्यावर टाकला.

“आरमाराची राणी,
आधी तापव पाणी!”

दोनच ओळी. मी गुमान पाणी तापवायला ठेवलं.