किसनभाऊंचं बिनमिठाचं सूप

माझ्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाची पंगत बसली होती. वाढपी वरणाची बादली घेऊन आले, तेवढ्यात व्याह्यांच्या शेजारी बसलेल्या किसनभाऊंनी पिशवीतून थर्मास काढला, वाटीत स्वतःचं सूप ओतलं, वर लिंबू पिळलं आणि जोरात भुरका मारला. व्याह्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं,

"यजमानाचाच मानूस हितलं जेवत न्हाई. मंग आम्ही जेवावं का न्हाई?"

"जेवा ना बिनधास्त," किसनभाऊ म्हणाले. "विष न्हाई त्याच्यात. निस्तं मीठ हाय."

विष परवडलं, असा त्यांचा सूर होता. मुलीच्या बापाला लग्नात धक्के बसतातच, पण ते सूपावरून बसावेत?

किसनभाऊ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. जालन्याच्या एमआयडीसीत ज्या लोखंडाच्या मिलमध्ये मी वजनकाट्यावर बसतो, तिथेच ते भट्टीपुढे उभे असतात. एके काळी भाकरीसोबत हिरवी मिरची आणि मिठाचे खडे चावून खाणारा हा माणूस. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पत्नी कौसावहिनी दवाखान्यातून घरी आल्या. हृदय दुबळं झालंय, पायांवर सूज येते, मीठ अगदी कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मीठ वहिनींचं कमी व्हायला हवं होतं, पण किसनभाऊंनीही स्वतःचं पार सोडून दिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जीभ सुधरू राह्यली माझी."

वहिनींना रोज सूप द्यायचं ठरलं, आणि बारीक अक्षरं वाचायला भाऊंनी मला किराणा दुकानात नेलं. बारा पाकिटं उतरवायला लावली. "सोडियम किती?" मी आकडा वाचायचो, ते कपाळाला हात लावायचे. पाण्यात विरघळवून सूप करायच्या वड्यांचा आकडा वाचला तेव्हा तर ते पोत्यावर बसलेच.

"ह्याला सूप म्हंत्यात? मिठाची ढेप हाय ही. वरून गाजराचा फोटो!"

दुकानदार वैतागून म्हणाला, "त्यातल्या त्यात कमीवालं घ्या ना काका."

"बात बराबर हाय, पन बिलकुल न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी तुमचं म्हणणं मान्य करायचं आणि लगेच मोडीत काढायचं. पंचवीस वर्षं ऐकतोय, अजून सवय होत नाही.

मग त्यांनी रस्सा घरीच करायला घेतला. भाजीबाजारातून कोथिंबिरीच्या काड्या, दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं असं काय काय गोळा करून आणायचे. एका भाजीवालीने तर विचारलं, "काका, तुमची शेळी किती दूध देती?" यांनी तिला अर्धा तास उभं करून कृती सांगितली. मंद आचेवर तासभर उकळायचं, गाळायचं, जिरं-मिरी घालायची, लिंबू शेवटी. "मिठाची जागा आंबटानं भरती," हे वर.

पण खरा धक्का मिलमध्ये बसला. लाल गज निवायला टाकतात, तिथे कडेला पत्र्यावर चार कांदे आणि लसणाचा एक गड्डा भाजत पडलेला! साहेबांची फेरी यायची वेळ झाली होती.

"भाऊ, नोकरी घालवता का?"

"घरच्या गॅसवर कांदा निस्ता करपतो, आतून कच्चाच ऱ्हातो. हितं बराबर भाजतो. मीठ न्हाई तं रश्शाला वास तरी पाह्यजे ना."

ते सूप मी प्यालोय. पहिला घोट कोमट पावसाच्या पाण्यासारखा लागला. दुसऱ्या घोटाला भाजल्या कांद्याची गोडी कळली. तिसरा मी मागून घेतला, पण घरी हे सांगितलं नाही.

मे महिना आला. उन्हाळ्यात भट्टीवरच्या लोकांना मिल मीठ-साखरेचं लिंबू सरबत देते. भाऊंनी आपला पेला लिंबाच्या झाडाच्या बुडाशी ओतताना मी पाहिला.

"अहो, एवढा घाम गळतो, अंगात मीठ लागतंच," मी म्हणालो.

"बात बराबर हाय, पन बिलकुल न्हाई." आणि तांब्यावर तांब्या पाणी प्यायले.

आठच दिवसांनी, दुपारी, त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी धावत गेलो. त्यांनी माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि विचारलं, "बैलं सोडली का, दादा?" त्यांच्या वडलांना ते दादा म्हणायचे. वडील जाऊन वीस वर्षं झाली. तेवढं बोलून भाऊ कोसळले.

दवाखान्यात रक्त तपासलं. अंगातलं मीठ तळाला गेलेलं. दुसऱ्या दिवशी माणूस शुद्धीवर आला, तेव्हा माझ्याकडून सगळं ऐकलेले डॉक्टर ओरडलेच, "अहो, पथ्य बायकोचं! तुम्हाला कोणी सांगितलं? आजपासून मिठाचं खायचं." आणि तणतणत पुढच्या खाटेकडे गेले.

"खाणार ना?" मी विचारलं.

भाऊंनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "घरी आल्यावर तीन दिवस जेवली न्हाई ती. अळणी घास तोंडात फिरवायची अन् थुकायची. म्हने, मलाच एकलीला ही शिक्षा काहून? मंग म्या खोटं बोललो. म्हन्लं, डाक्टरनं मला बी मीठ बंद केलं. तिचंच ताट घेतलं. तवा जेवली. तुमच्या पोरीच्या लग्नात ती समोरच्या पंगतीत व्हती, कसं खाऊ? आता खोटं कळलं तं पुन्हा जेवन सोडंल ती."

सहा महिने ज्याला मी चक्रम म्हणत होतो, त्याच्या खाटेशी मी मान खाली घालून बसलो.

वर पाहिलं तर कौसावहिनी दारात उभ्या. हातात डबा. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"दिवाळीला डाक्टर बोलला तवा म्या बी तिथंच व्हते ना," त्या म्हणाल्या. "कोनाला काय बंद केलं, म्या ऐकलं न्हाई का?"

"मंग... तुला ठाव व्हतं?"

"पहिल्या दिसापासून. तुमी एवढं आवडीनं खाऊन दाखवायचे, म्हनून म्या बी गिळायचे. वाटलं, कामावर गेल्यावर तरी मिठाचं खात असतान." त्या खाटेजवळ आल्या. "सोंग एवढं खरं कोन करतं, अवो?"

त्यांनी नर्सकडून चिमूटभर मीठ मागून आणलं. डब्यातलं सूप वाटीत ओतलं, त्यात मीठ घालून चमच्यानं ढवळलं. उरलेलं, बिनमिठाचं, डब्याच्या झाकणात स्वतःसाठी ओतून घेतलं.

भाऊंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लई खारट झालं गं."

"प्या गुमान," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या समोर खाटेवर बसून आपलं झाकण तोंडाला लावलं.