खाले कोन शे?

निंबानाना कोणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात, मग खाली. वर म्हणजे पंखा, माळा, गच्चीवरची टाकी. खाली म्हणजे त्याखाली बसलेला माणूस. चहा येईपर्यंत त्यांचा निकाल तयार असतो. आमच्याकडे पहिल्याच भेटीत त्यांनी जाहीर केलं, "पंख्याची तब्येत उत्तम. पण खाली आई बसल्यात. धोका, उच्च श्रेणी." सोफा त्याच दिवशी सरकवावा लागला.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. जळगावात पिंप्राळ्याला आमच्या शेजारी एकटे राहतात. पाहुण्याला ओट्यावरच बसवतात, आत नेत नाहीत. बांधाला दोन शेरे असतात, हे त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येकाला समजावलं आहे. पहिला बांधाच्या तब्येतीचा. दुसरा धोक्याचा, म्हणजे बांध फुटलाच तर कोणावर येईल याचा. बांध भक्कम असला म्हणून दुसरा शेरा बदलत नाही. "बांध कसा शे ते मागून. आधी सांग, खाले कोन शे?" हे त्यांचं अहिराणीतलं ठरलेलं वाक्य.

चोपड्याच्या एका लग्नात त्यांनी स्टेजवरच्या झुंबराखालून नवरानवरीला उठवलं. फोटोग्राफर चिडला. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "नाना, झुंबर लोखंडी साखळीवर आहे हो!" नानांनी दोन्ही खुर्च्या बाजूला ओढल्या. जेवणाच्या पंगतीत कोणीतरी टोमणा मारला, "काय नाना, पडलं का झुंबर?" नाना जिलेबी मोडत म्हणाले, "न पडणं हे झुंबराचं काम. खाली न बसणं हे आपलं."

त्यांचं हे वेड हसण्यावारी नेता येत होतं, ते शिंदखेड्याकडच्या बांधापर्यंत.

तिथे एका शेठचा दगड भरडून वाळू करण्याचा कारखाना आहे. वाळू धुतल्यावर उरलेला गाळ आणि पाणी अडवायला त्याने माळावर मातीचा बांध घातला आहे. परवान्यासाठी धोक्याची श्रेणी हवी होती. निम्न आली तर बांधामागचं तळं काठोकाठ भरता येणार होतं. उच्च आली तर पाणी उतरवून बांध नव्याने दाबून पक्का करावा लागणार होता. पाहणीचं काम निवृत्त अभियंता म्हणून नानांकडे आलं.

पहिली पाहणी हिवाळ्यात झाली. बांधाखाली मोकळा माळ. शेठ म्हणाला, "पाहा नाना, चिटपाखरू नाही. निम्न लिहून टाका." नानांना बाभळीखाली तीन दगडांची चूल दिसली. दगड काळे होते.

"हे कोण?"

"पिकनिकवाले असतील."

नानांनी शेरा दिला नाही. श्रावणात पुन्हा येतो म्हणाले.

श्रावणात गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. माळ भरलेला होता. मेंढ्या, घोडी, कापडाची पालं, आणि त्यात पाळण्यातली दोन मुलं. शेतं पेरली की मेंढ्यांना शिवारात जागा उरत नाही, म्हणून मेंढपाळ पावसाळ्यात माळ धरतात. तळंही पावसाळ्यातच भरतं. हिवाळ्यात पाहणी करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

नानांनी थर्मासचं झाकण बांधाच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या पाण्याखाली धरलं. "स्वच्छ आलं तर बांधाला नुसता घाम शे. गढूळ आलं तर माती धुपून तो आतून चालला." झाकणातलं पाणी गढूळ होतं.

ते पालांकडे जवळजवळ धावत गेले. जिजाक्का नावाची म्हातारी मेंढपाळीण भाकरी थापत होती. नाना म्हणाले, "अक्का, आताच्या आता उठा."

"कोठे जावानं? बठ्ठा शिवार पेरेल शे. जठे जावो तठे लोक काठी लिसन उभा." तिने भाकरी उलटली.

नानांनी शेठला फोन केला. शेठ जीपमधून आला. वर पाण्याचा काठ आणि बांधाचा माथा यांत हातभर अंतर राहिलं होतं.

"पंप लाव. पाणी उतरव."

"उतरवून सोडू कुठे? काम बंद पडेल. नाना, हे लोक आज आहेत, उद्या नाहीत. ना घर, ना गावात नाव. यांना मोजायचं कसं?"

नाना गाडीपाशी आले आणि डिकीतून घडीची खुर्ची काढली. बांधाखाली, जिजाक्काच्या पालाशेजारी ती उघडली आणि बसले.

"मग माले मोज."

"नाना, वेड्यासारखं करू नका. उठा."

"माझं घर शे. नाव शे. मतदार यादीत शे. आता सांग, खाले कोन शे?"

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी पत्रकार आहे, हे त्याला ठाऊक होतं. पायथ्याशी झिरपणारी धार करंगळीएवढी झाली होती. नाना तिच्याकडे पाठ करून बसले होते. जिजाक्काने पानात भाकरी-ठेचा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. ते तिथेच बसून भाकरी मोडू लागले.

शेठने जीपमध्ये बसून फोन लावला. काही वेळाने वरून पंपांचा आवाज आला.

ऊन कलेपर्यंत पाणी बरंच उतरलं आणि धार आटली. श्रेणी उच्च लिहिली गेली. पालं बांधाच्या बाजूच्या उंचवट्यावर हलली. ती जागा शेठच्याच मालकीची होती.

पिंप्राळ्याला परतल्यावर खुर्ची ठेवायला मी पहिल्यांदाच नानांच्या घरात गेलो. त्यांनी दिवा आणि पंखा लावला. पंखा एका बाजूला झुकून खडखडत होता. छताचा हूक अर्धा बाहेर आला होता. बरोबर खाली त्यांची खाट होती.

"नाना, हे काय?"

"तब्येत खराब," ते सदऱ्याची बटणं काढत म्हणाले. "धोका, निम्न श्रेणी."

"निम्न? खाले कोन शे, नाना?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग खाटेकडे.

"कोनी नही."

मी पंखा बंद केला आणि खाट एका टोकाने धरली.  नानांनी दुसरं टोक धरलं.