मागे लागलेली स्कूटर

"बाई, तो निळ्या शर्टवाला आपल्या चाकाकडे काय बघतोय?"

"बघू दे की, काका. चाक बघायला पैसे पडतात का?" कंडक्टरबाई म्हणाल्या.

पण कप्तानांचं समाधान होईना. युद्धात नौदलाच्या जहाजावर टेहळणी केलेला हा माणूस आता शहर बस चालवायचा, म्हणून डेपोत सगळे त्यांना कप्तान म्हणत. गेल्या आठवड्यात कुणीतरी तक्रार केली होती, की कप्तानांना हल्ली नीट दिसत नाही. डेपोच्या साहेबांनी बजावलं होतं, "मी खात्री करून घेणार. तक्रार खरी निघाली, तर स्टिअरिंग सोडून बसचे पास द्यायच्या खिडकीत बसायचं." कप्तानांना ती खिडकी मुळीच नको होती. तेव्हापासून त्यांना जो तो हेर वाटू लागला होता. निळा शर्ट दाराकडे वळताच त्यांनी दार लावलं आणि बस काढली.

पुढच्या थांब्यावर आरशात एक स्कूटर दिसली. मागच्या सीटवर निळा शर्ट, हात हलवतोय.

"बाई, पाठलाग!"

"अहो काका, बस चुकली असेल बिचाऱ्याची."

"बस चुकलेला माणूस इतका चिकट नसतो."

पाणबुडी मागे लागली की जहाज नागमोडी न्यायचं, हे कप्तानांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी बस डावीकडे घातली, मग उजवीकडे, मग बाजारामागच्या गल्लीत. स्कूटर ट्रकमागे दडली, त्यांनी हेरली. दुसऱ्या रस्त्यानं आली, तीही हेरली.

"अहो, हा आपला रस्ता नाही!" एक आजी ओरडल्या.

"त्यालाही तसंच वाटू दे, आजी!"

समुद्राला भिंत नसते, गल्लीला असते. बस थांबली. निळा शर्ट घामाघूम होऊन आत चढला.

"मी साहेबांचा तपासनीस. तुमच्या बसमध्ये बसून तुमची नजर तपासायची होती. तुम्ही बसूच दिलं नाहीत!"

कप्तानांना पासची खिडकी दिसू लागली.

"पण ट्रकमागची स्कूटर दिसली तुम्हाला?"

"हो. दुसऱ्या रस्त्यानं आली, तीही."

तपासनीसांनी कागदावर 'नजर उत्तम' लिहून सही केली. मग बस गल्लीतून मागे काढायला स्वतःच खाली उतरले आणि हात हलवत ओरडले, "येऊ द्या, येऊ द्या!"

कप्तान जागचे हलले नाहीत.

"बाई, तुम्हीच जा मागे. त्या माणसाचं मला काही खरं वाटत नाही."