गेन्चेव सरांचं दुरुस्तीपत्र

"एवढंच?" झ्लातिनाने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"आणखी काय पाहिजे?" गेन्चेव सर म्हणाले. "खरं होतं तेवढं लिहिलं."

शिफारसपत्राच्या त्या कागदावर तीन वाक्यं होती. 'बिल्याना तोपालोवा चार वर्षं माझ्या वर्गात आहे. तिला गणित येतं. जिथे येत नाही तिथे ती तसं सांगते.' खाली सही, आणि सहीखाली एक आडवी रेघ, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.

पैशाच्या बाबतीत त्यांच्या गाब्रोवो गावची माणसं चिकट म्हणून सगळ्या बल्गेरियात बदनाम आहेत. गेन्चेव सरांचा हात पैशाला तसा सैलच होता. त्यांची सगळी काटकसर कौतुकात. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते कुणाला 'शाब्बास' म्हणाल्याचं शाळेत कुणालाच आठवत नव्हतं. उत्तर बरोबर आलं की ते 'बस' म्हणत आणि चुकलं तरी 'बस'च म्हणत. दोन्हींतला फरक ओळखायला पोरांना वर्ष लागायचं. झ्लातिना आता याच शाळेत इंग्रजी शिकवत होती, पण एके काळी तीही सरांच्याच हाताखाली शिकली होती, आणि तिला तो फरक शेवटपर्यंत कळला नव्हता.

"सर, अमेरिकेतलं ते विद्यापीठ शंभरातल्या चौघांना घेतं," ती म्हणाली. "तेही सगळ्या जगातून. बाहेरच्या शाळांतली पत्रं मी वाचलीयत. पोरगं नुसतं वेळेवर वर्गात आलं तरी मास्तर लिहितात की त्याच्यामुळे सूर्य उगवतो."

"मग घ्या म्हणावं सूर्यवाल्यांना."

"आणि घेतलं तर तिचा सगळा खर्च तेच करणार. आई शिवणाच्या कारखान्यात, वडील जर्मनीत ट्रकवर. त्यांच्याच्याने तिथली एक सहामाही झेपायची नाही, सर."

सर खुर्ची ओढून संगणकासमोर बसले, कारण पत्रासोबतचा तक्ता अजून भरायचा होता. विद्यार्थिनी कशी आहे ते सात चौकटींपैकी एकीत खूण करून सांगायचं. सगळ्यात वरची चौकट होती, 'माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक'.

"इथे करू ना खूण?"

"माझी कारकीर्द संपली का? निवृत्तीला दोन वर्षं आहेत. उद्या कुणी आला तर?"

"मग 'उत्कृष्ट'?"

"कुणाच्या मानाने?"

"इतर मुलांच्या."

"जगातली इतर मुलं मी पाहिलेली नाहीत."

अर्धा तास घासाघीस होऊन अखेर 'चांगली'वर सौदा पटला. सर तासाला निघून गेले. झ्लातिना ती तीन वाक्यं समोर ठेवून बसली. सरांना रशियन येत होतं, जर्मन येत होतं. इंग्रजीची त्यांना आजवर गरज पडली नव्हती. भाषांतर तिनेच करायचं होतं आणि सरांच्या नावाने पाठवायचंही तिनेच.

पहिलं वाक्य तिने प्रामाणिकपणे उतरवलं. दुसऱ्याला थोडी मीठ-मिरची लावली. तिसऱ्यापाशी तिला कारखान्यातून थेट शाळेत आलेली बिल्यानाची आई आठवली, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेली, आणि मग हात काही आवरला नाही. पत्र एक पान भरून झालं. 'चौतीस वर्षांत अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही.' 'ती साऱ्या शाळेची लाडकी आहे.' आणि शेवटी, 'तिची सिद्धता वाचताना माझे डोळे भरून आले.' हे शेवटचं वाक्य लिहिताना झ्लातिनाचेच डोळे भरून आले होते, म्हणून तिला ते फारसं खोटं वाटलं नाही.

पत्र गेलं. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण मुख्याध्यापिका ड्रूमेवा मॅडमना दप्तरासाठी प्रत हवी होती. मॅडमनी ती फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपवर बल्गेरियनमध्ये करून घेतली, दोनदा वाचली, आणि कुणाला न विचारता शाळेच्या फेसबुक पानावर चिकटवली. वर मथळा दिला, 'आमच्या शाळेत शिक्षकही रडतात!' दुपारपर्यंत पाचशे जणांनी खाली बदाम टाकले होते.

गेन्चेव सर फेसबुकवर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या दुकानात न्याहारीला चीज भरलेली बानित्सा घ्यायला गेले, तर बेकरीवालीने पैसे घेतले नाहीत. "असू द्या हो, सर. माणूस आहे, येतं कधी रडू."

सरांना वाटलं, आपल्या ओळखीचं कुणीतरी वारलं असावं. कोण, ते विचारायचं धाडस न होऊन ते शाळेकडे निघाले. वाटेत सोफियाहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता पूल बांधणारा मोठा इंजिनिअर होता.

"सर, मी राष्ट्रीय स्पर्धेचं पदक घेऊन वर्गात आलो, तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात आठवतंय?"

"नाही."

"'खिडकी लाव.' एवढंच म्हणालात! आणि हिच्यासाठी रडता?"

शाळेच्या फाटकापाशी तीन आया उभ्या होत्या. त्यांच्यातली एक पुढे झाली. "सर, आमच्या इवायलोसाठीही थोडं रडा ना. दोन वर्षं शिकवणी लावलीय हो त्याला."

तिसऱ्या तासाला सर झ्लातिनाच्या वर्गाच्या दारात उभे राहिले. हातात त्या पोस्टचा छापील कागद होता आणि लाल पेनाने 'रडतात'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"मी रडलो?"

झ्लातिनाने शाळकरी पोरीसारखे हात मागे घेतले. "सर, भाषांतर करताना जरा..."

"अगं, सहीखाली रेघ होती!"

"मी नवीन टाइप केलं, सर."

"आजच्या आज दुरुस्तीपत्र पाठवायचं."

"सर, पाया पडते तुमच्या. पत्र खोटं होतं असं कळवलं तर ते तिचा अर्जच केराच्या टोपलीत टाकतील."

आवाज ऐकून ड्रूमेवा मॅडम धावत आल्या. त्यांनी समजूत घालून पाहिली. "गेन्चेव, दोन अश्रूंनी तुमचं काय जातंय?"

"ते माझे नव्हते," सर म्हणाले.

शेवटी बिल्यानालाच बोलावलं. ती आली. उंच, किडकिडीत, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. पोस्ट तिने वाचली होती.

"सर रडले नव्हते हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी ते 'बस' म्हणाले होते."

"मग कालपासून गप्प का बसलीस गं?" मॅडमनी विचारलं.

बिल्यानाने मान खाली घातली. "मला जायचंय, मॅडम. फार जायचंय. वाटलं, कुणाच्या लक्षात नाही आलं तर..." ती थांबली. मग तिने सरांकडे पाहिलं. "पण सिद्धता खोटी असेल तर उत्तर बरोबर आलं तरी सर शून्य देतात. पाठवा तुम्ही दुरुस्ती."

झ्लातिनाला वाटलं, आता तरी सर विरघळतील. सर म्हणाले, "बस." पण त्या एका शब्दाचा अर्थ तिला आयुष्यात पहिल्यांदा अचूक कळला, आणि तिने दुरुस्ती लिहायला खुर्ची पुढे ओढली.

तरी पत्र त्या दिवशी गेलं नाही. चूक झाली असेल तर नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही, बरोबर काय तेही लिहावं लागतं, असं सरांचं म्हणणं पडलं. शनिवार-रविवार त्यांनी घरी लिहिण्यात घालवला आणि सोमवारी चार पानं आणली. सोबत शब्दकोश. झ्लातिना भाषांतर करत असताना ते शेजारी बसून एकेक शब्द पडताळून पाहणार होते.

तिने वाचायला सुरुवात केली.

'माझे डोळे भरून आले हे असत्य आहे. सत्य पुढीलप्रमाणे. त्रिकोणाचं एक उदाहरण मी सव्वीस वर्षं शिकवत आलो. त्यातला लंब त्रिकोणाच्या आतच पडतो असं मी धरून चाललो होतो. बिल्यानाने विचारलं, कोन मोठा असेल आणि लंब बाहेर पडला तर? मी तिला खाली बसवलं. तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती बरोबर आहे. मला रडायला सवड नव्हती, कारण माळ्यावरचे जुने पेपर काढून तपासायचे होते. हेच लिहिल्याबद्दल प्लामेन नावाच्या मुलाचे मी पूर्वी दोन गुण कापले होते. तो आता दातांचा डॉक्टर आहे. मी दवाखान्यात जाऊन त्याचे गुण वाढवून दिले. तो ते विसरला होता. मी विसरणार नाही.'

झ्लातिनाचा हात थबकला. "सर, हे तर..."

"काय?"

ती जीभ चावून गप्प झाली. ही स्तुती आहे असं तोंडातून निघालं असतं, तर सरांनी तिथल्या तिथे चारही पानं फाडली असती. "काही नाही, सर. स्पेलिंग."

'अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही हेही असत्य आहे. १९९४ साली एक मुलगा होता, त्याला तिच्याहून लवकर समजायचं. मात्र आपली चूक दिसली की तो चिडायचा. बिल्यानाला आनंद होतो. ती शाळेची लाडकी नाही. ती वाद घालते, तीन मुली तिच्याशी बोलत नाहीत. दर मंगळवारी ती नापास मुलांना बॉयलरच्या खोलीत शिकवते, कारण तिथे ऊब असते. ही गोष्ट तिने माझ्यापासून लपवली, बहुधा तिची पद्धत मला आवडणार नाही म्हणून. मी दाराआडून ऐकलं आहे. पद्धत वेगळी आहे. माझ्यापेक्षा चांगली आहे. तिला हे सांगू नये.'

झ्लातिनाने एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. एका ठिकाणी सरांनी शब्दकोशात बोट ठेवून तिला अडवलं. 'चांगली'साठी तिने निवडलेला शब्द त्यांना जरा जड वाटला. तिने तो हलका करून दिला.

पत्र पाठवल्यावर पोच आली, आणि पुढे साडेतीन महिने काहीच आलं नाही. बिल्याना मंगळवारी बॉयलरच्या खोलीत जात राहिली. फाटकावरच्या आया पांगल्या. ड्रूमेवा मॅडमनी ती पोस्ट काढून तिथे नव्या स्वच्छतागृहाचा फोटो लावला. झ्लातिना मात्र रोज सकाळी बिल्यानाचा चेहरा बघायची आणि आपण या पोरीचं वाटोळं केलं, असं मनाशी म्हणायची.

मार्चअखेरीस एका सकाळी पहिल्या तासाआधी बिल्याना शिक्षकांच्या खोलीत आली.  फोन तिने सरळ झ्लातिनाच्या हातात दिला. झ्लातिनाने वाचलं, आणि पहिल्याच शब्दाला किंचाळून बिल्यानाला मिठी मारली. घेतलं होतं. सगळ्या खर्चासकट घेतलं होतं.

त्याच दिवशी सरांच्या नावेही चार ओळी आल्या होत्या. झ्लातिनाने त्या मोठ्याने भाषांतर करून वाचल्या. 'आमच्याकडे दरवर्षी हजारो शिक्षकांचे अश्रू येतात. कुणी ते परत मागवल्याची ही पहिलीच वेळ. आपलं पत्र आमच्या समितीत मोठ्याने वाचलं गेलं, दोनदा.'

खोलीत सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होते.

"दोनदा का?" सरांनी विचारलं. "पहिल्यांदा कळलं नाही त्यांना? तरी मला वाटलंच होतं, तो शब्द अजून जडच राहिला." आणि खडू घेऊन ते तासाला गेले. त्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावरचं उदाहरण सोडवायला बिल्यानाला उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर, पोरांच्यात जाऊन बसले. संपूर्ण तास बसले. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

सप्टेंबरात शाळा उघडली, तेव्हा ही हकिकत गावभर झाली होती. पहिल्याच आठवड्यात एक बाई बारावीतल्या पोराला घेऊन झ्लातिनाला गाठायला आल्या.

"बाई, आमच्या मोमचिलचं अमेरिकेचं जमवायचंय. तुम्ही असं करा, त्याच्याबद्दल आधी चार-पाच गोष्टी खोट्या लिहा. अगदी सढळ हाताने. मग गेन्चेव सर चिडून दुरुस्ती लिहितील, ती आपण पाठवू."

"चालेल," झ्लातिना म्हणाली. "पण दुरुस्तीत सर खरं तेच लिहितात हं. सगळं."

बाईंनी पोराकडे पाहिलं. पोरगं बुटांच्या नाड्यांकडे बघत होतं. 

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "साधी शिफारसच द्या."