वरचा, मधला आणि तळाचा

पाणी उकळायचं, त्यात पास्ता टाकायचा, शिजला की काढायचा. यात शिकण्यासारखं आहेच काय, असं भिंगरीने भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा ओट्यावरच्या पातेल्याला नक्की ठसका लागला असणार.

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. एका जागी ठरत नाही म्हणून आजोबांनी ते ठेवलं आणि ते चिकटलं. त्यात यंदा वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून ही भिंगरी दुप्पट वेगाने फिरायला लागली होती. आपल्याला बोलता येतं म्हणजे आपल्याला सगळंच येतं, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

आणि बोलता बोलताच ती फसली होती. झालं असं की आत्याचं बाजाराच्या कोपऱ्यावर छोटंसं हॉटेल होतं आणि सुट्टीत तिला स्वयंपाकघरात हाताखाली कोणीतरी हवं होतं. नुसतं 'हवं होतं' एवढंच आत्या म्हणाली. भिंगरीने दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं की सुट्टीत मी हॉटेलात शेफ आहे. मैत्रिणींना फुकट खायला बोलावून झालं. पांढऱ्या उंच टोपीसाठी बाकावरच्या मैत्रिणीकडून डोक्याचं मापसुद्धा घेऊन झालं. मग आत्याने फोनवर अट सांगितली.

"रविवारी दुपारी येते. एक ताटलीभर पास्ता करून ठेव. नुसता. सॉस नको, चीज नको, वर काही भुरभुरवू नकोस. सॉसखाली काय काय लपतं ते मला ठाऊक आहे. चावला की आत किंचित अडला पाहिजे. अडला म्हणजे अडकला नव्हे, कळलं का?"

भिंगरी म्हणाली, कळलं. तिला कधीही सगळं कळलेलंच असायचं.

आता पुढे जाण्याआधी या घराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या घरात तपासल्याशिवाय काही होत नसे. बाबा इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचे. घरातल्या खुर्चीवरसुद्धा ते आधी दोन्ही हातांनी दाबून, हलवून मगच बसत. पाहुण्यांच्या घरीही तेच! आजोबा निवृत्त होईपर्यंत पाण्याचे मीटर तपासत आणि एका रीडिंगवर त्यांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला नव्हता. घरात कोणाला ताप आला की ते तीनदा थर्मामीटर लावत. तेवढ्यात बरेचदा ताप उतरून जायचा. आणि आई बिस्किटांच्या कारखान्यात माल पास करायची. प्रत्येक घाण्यातून तीन नमुने काढायचे, एक वरचा, एक मधला, एक तळाचा, आणि एकदा काढलेला नमुना परत मालात टाकायचा नाही, हा तिचा नियम. देवाने आकाशातून खाली येऊन विनंती केली असती तरी तो तिने मोडला नसता.

रविवारी सकाळी भिंगरी कंबर कसून ओट्यापाशी उभी राहिली. वाण्याकडून आणलेलं नळीच्या आकाराच्या पास्त्याचं छोटं पाकीट समोर होतं. ती पाणी मोजून घेतेय तोवर आईने पाकीट उघडलं. कच्चा माल बघायला नको का? तिने वरची एक नळी काढून कडकन मोडली, कानाशी आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग मधली. तळाची काढायची म्हणजे पाकीट ताटात ओतणं आलंच. ओतताना मूठभर नळ्या जमिनीवर गेल्या, आणि जमिनीवर पडलेला माल तर बादच. भिंगरीने उरलेल्यातला अर्धा भाग अडीअडचणीला म्हणून डब्यात ठेवला आणि अर्धा उकळत्या पाण्यात सोडला. ताटलीभर व्हायला तेवढा पुष्कळ होता.

पाण्याला परत उकळी फुटली आणि तिच्या खांद्यावरून पहिलं डोकं डोकावलं. आजोबांचं.

"कवळीला शिजला म्हणजे जगाला शिजला," ते म्हणाले. "आण एक इकडे."

नवी कवळी लावून महिनाच झाला होता आणि ती कुठे कुठे चालते हे बघण्याचा त्यांना नाद लागला होता. पहिली नळी कवळीने धुडकावली. आजोबांनी खात्रीसाठी दुसरी घेतली आणि दोन रीडिंगांत फरक पडतोय म्हणून तिसरी. निकाल आला, कच्चा आहे. एवढं भिंगरीला न चाखताही सांगता आलं असतं. पास्ता पाण्यात पडून जेमतेम आंघोळ करून झाला होता!

तेवढ्यात बाबा टॉर्च घेऊन आले. त्यांनी नळी मधोमध कापली, उजेडात धरली आणि कापलेल्या कडेत पांढरी रेघ दाखवली. ही रेघ बारीक होत होत नाहीशी व्हायच्या बेतात आली की गॅस बंद, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. रेघ किती बारीक झाली हे बघायला अर्थातच दर वेळी नवी नळी कापणं भाग होतं. कापलेल्या नळ्यांचं काय करायचं? बाबा टाकून देणाऱ्यांतले नव्हते.

मग आई आली, झारा घेऊन. वरचा, मधला, तळाचा. तिच्या मते वरचा कडक, तळाचा मऊ आणि मधला संशयास्पद होता. सबंध घाणा एकसारखा नसेल तर तो तिच्या कारखान्यातून बाहेर पडत नसे, तर तिच्या मुलीच्या हातून कसा पडेल? आजोबा म्हणाले, मऊच हवा. बाबा म्हणाले, मऊ झाला म्हणजे रेघ गेली, आणि रेघ गेली म्हणजे सगळंच गेलं. आजोबा म्हणाले, रेघेला दात असतात का? वाद मिटेना म्हणून बाबांनी गॅस बंद केला. वाद मिटला असं वाटलं म्हणून आईने चालू केला. प्रत्येक मुद्द्याला पुरावा लागत होता, आणि पुरावा पातेल्यात तरंगत होता.

भिंगरी मधे उभी राहून बाजू मांडत होती. वक्तृत्वाच्या कपाचा काडीचा उपयोग झाला नाही. तिथे निदान श्रोत्यांची तोंडं भरलेली नव्हती!

शेवटी आईने झारा बुडवला आणि म्हणाली, "तळाचा मिळत नाहीये."

भिंगरीने वाकून पाहिलं. तळाचा नव्हता, कारण मधलाही नव्हता. वरचे म्हणून जे चार होते ते इतके गळले होते की त्यांना नळी म्हणणं म्हणजे ओल्या मोज्याला बूट म्हणण्यासारखं होतं. पाठीमागे बाबांनी पोटावरून हात फिरवला. आजोबांनी समाधानाने ढेकर दिली.

"आता तुम्ही सगळे बाहेर जा," भिंगरी म्हणाली.

आई काही बोलू लागली, पण पोरीचा आवाज भलताच शांत होता. भिंगरी ओरडते तेव्हा या घरात कोणी लक्ष देत नाही. ती हळू बोलली की सगळे चपला शोधतात. तिघेही निमूटपणे बाहेर गेले. तिने दार लावून आतून कडी घातली, डब्यातला राखीव पास्ता काढला आणि नवं पाणी चढवलं. त्याच वेळी दारावरची घंटा वाजली आणि बाहेर आत्याचा आवाज आला. ती विचारत होती, आमच्या शेफ कुठे आहेत?

भिंगरी गॅसपाशीच उभी राहिली. पाणी खळखळलं, मीठ पडलं, पास्ता पडला. किती शांतता होती! कोणाची टॉर्च नाही, कोणाची कवळी नाही. आता ती एकटी आणि तिचा पास्ता. एकदाच चाखायचा, तोही अगदी वेळ झाल्यावर, असं तिने स्वतःला बजावलं.

वेळ झाल्यासारखी वाटली तेव्हा तिने एक नळी चाखली. जरा कडक होती. पण ही वरची होती, नाही का? वरच्यावरून आतल्याचं काय कळणार? तिने मधली घेतली. मग तळाची. तळाची मऊ निघाली, पण एका रीडिंगवर कसा विश्वास ठेवायचा म्हणून आणखी दोन. मग रेघ बघायला एक कापली. रेघ होती. थोडं थांबून दुसरी कापली. बारीक झाली होती. कापलेल्या टाकायच्या थोड्याच?

आणि मग ती नळी आली. दात बसला, आत किंचित अडला आणि अलगद पार झाला. अडला म्हणजे अडकला नव्हे! भिंगरीचे डोळे मिटले. हेच ते, म्हणजे आत्या सांगत होती ते हे. तिने घाईने गॅस बंद केला, पाणी ओतून टाकलं आणि एवढी सुंदर गोष्ट खरंच घडली आहे ना, याची खात्री करून घेतली. खरंच घडली होती. परत खात्री केली. दर वेळी तितकंच खरं निघत होतं. कौतुकाच्या भरात माणसाला भान राहत नाही, तसंच तिचं झालं.

भान आलं तेव्हा चाळणीत एकच नळी होती.

बाहेरून आत्याने दार वाजवलं. भिंगरीने सगळ्यात मोठी ताटली घेतली. मोठ्या ताटलीत मुद्दाम थोडंसंच वाढतात, असं तिने मोठ्या हॉटेलांच्या फोटोंत पाहिलं होतं. मधोमध ती नळी ठेवली, किंचित तिरकी केली आणि कडी काढली.

चौघांनी ताटलीत पाहिलं. बाबांचा हात सवयीने पुढे आला. आईने त्यावर चापट मारली. आजोबांनी भिंगरीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांना ओलसर चकाकी होती.

"बाकीचा?" आत्याने विचारलं.

"बाकीचा तपासला," भिंगरी म्हणाली. वर्षभरात इतक्या थोडक्या शब्दांत तिने पहिल्यांदाच काही सांगितलं असेल.

आत्याने ती नळी उचलली, उजेडात धरून पाहिली, हळूच चावली आणि डोळे मिटले. भिंगरीला टोपी दिसली, वर्ग दिसला, हॉटेलच्या दारात फुकट जेवायला उभ्या राहिलेल्या मैत्रिणी दिसल्या. आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी छान उमटलं. अगदी खरंखुरं छान. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"बरोबर वाटतोय," ती सावकाश म्हणाली. "पण एकावरून सांगता नाही येत गं. हा वरचा होता की तळाचा?"

बाबांची सख्खी बहीणच ती, आजोबांची लेक. दुसरं काय विचारणार होती?

निकाल तिने राखून ठेवला. पुढच्या रविवारी भिंगरीने हॉटेलात यायचं. तिथलं पातेलं एवढं मोठं आहे की सगळे मिळून चाखत बसले तरी गिऱ्हाइकापुरता उरतो. तिथे जमलं तर सुट्टीभर हाताखाली, आणि टोपीचं नंतर बघू. भिंगरीने एवढी मोठी उडी मारली की चाळणी ओट्यावरून खाली पडली.

आत्या चपला घालत होती तेव्हा बाबांनी टॉर्चचे सेल बदलायला घेतले. आजोबा कवळी पुसत होते. आई म्हणाली, आम्हीही येतो रविवारी, नवीन पोरगी आहे, मालाकडे बघायला कोणीतरी हवं.

"या की," आत्या म्हणाली. "फक्त घरून जेवून या."