मनोहररावांचा व्हिडिओ

उन्मेषचं ठाम मत होतं की कॉम्प्युटर म्हातारा होत नाही, माणसंच त्याची आशा सोडतात. बँकेतल्या प्रत्येक बदलीबरोबर त्याने आपला बारा वर्षांचा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून नेला होता. आता तो कोलकात्यात, बेहालाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत घरघरत होता. त्यामुळे साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, निर्मलाताई, यजमानांचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघायचाय म्हणाल्या, तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं, "आई, दहा मिनिटांत लावून देतो."

मनोहररावांना जाऊन आठ महिने झाले होते. भाच्याने नव्या फोनवर काढलेला हा त्यांचा शेवटचा व्हिडिओ. मोतीबिंदूमुळे निर्मलाताईंना फोनवर चेहरा नीट दिसत नव्हता, आणि परवा त्यांची परतीची गाडी होती.

व्हिडिओ लागला, पण मनोहररावांचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला. एक डोळा कपाळावर चढला, ओठ हलेनात आणि आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत राहिला. उन्मेषच्या बायकोने, यामिनीने, तोंड फिरवलं. निर्मलाताई बराच वेळ बघून म्हणाल्या की हे काही आमच्याकडचे नव्हेत.

उन्मेष इरेला पेटला. त्याने प्लेअर बदलला, चित्र लहान केलं, उघडं होतं ते सगळं बंद केलं. मग मशीन ढिम्म हलेना, तेव्हा दार न उघडणाऱ्या घराची बेल वाजवावी तसा तो फाइलवर क्लिक करत सुटला. काहीच झालं नाही. वैतागून मॉनिटर बंद करून तो बाहेर येऊन बसला.

तिन्हीसांजा झाल्या. शेजारपाजारच्या घरांतून शंख वाजले आणि एकेक करून थांबले. दिवा लावायलाही कोणी उठलं नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"निर्मला, चहा झाला का?"

"आणते हो," म्हणत निर्मलाताई उठल्यासुद्धा. आणि दोन पावलांवर खिळून उभ्या राहिल्या.

खालच्यांचा टीव्ही असेल, असं उन्मेष कसंबसं म्हणाला. यामिनीने हळू आवाजात विचारलं, "खालचे दासगुप्ता निर्मलाकडे चहा कशाला मागतील?"

पुन्हा तीच हाक आली. मग ती संपायच्या आत दुसरी, तिच्या पाठोपाठ तिसरी. एकच माणूस पाच ठिकाणी बसून चहा मागत होता. निर्मलाताई दाराकडे निघाल्या तसा उन्मेष लाजेकाजेस्तव पुढे झाला. जाताना त्याने छत्री उचलली. छत्री कशासाठी, हे त्याला आजही सांगता येत नाही.

आत काळोख होता. पडदा काळा, खाली हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि काळोखातून मनोहरराव बोलत होते. त्याने मॉनिटर लावला. एकावर एक नऊ खिडक्या उघडल्या होत्या आणि प्रत्येकीत सासरे. त्याने केलेली प्रत्येक क्लिक म्हाताऱ्या मशीनने तासाभराने का होईना, इमानाने पाळली होती. त्याने वायरच उपटली. "निर्म" एवढ्यावर आवाज तुटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या शंतनूने समजावलं की नव्या फोनचा व्हिडिओ या मशीनला झेपत नाही, तो आधी हलक्या प्रकारात बदलून घे. बदलायला चार तास लागले. तिसऱ्या दिवशी, गाडीच्या आधी, निर्मलाताई चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्या.

आता चित्र लख्ख होतं. मनोहररावांच्या भुवयांतले पांढरे केससुद्धा मोजता येत होते. चहाची हाक मारून झाली, मग कॅमेऱ्यामागून भाच्याने विचारलं, "मामा, मामीला काही सांगायचंय?"

मनोहररावांनी तोंड उघडलं आणि ते तसेच राहिले.

अडकलं परत, असं पुटपुटत उन्मेषने माउसकडे हात नेला. निर्मलाताईंनी त्याचं मनगट धरलं.

"अडकलं नाही. असं काही विचारलं की ते असेच बसायचे."

मनोहररावांच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता. पुढची दोन मिनिटं ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि व्हिडिओ मात्र कुठेही न अडखळता शेवटपर्यंत चालला.