मस्यू बेर्नार यांची सुट्टी

एका माणसाच्या सणाच्या दिवशी मी त्याच्या घरी सुतकाचा पिठलं-भात घेऊन गेले होते. आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी लेक सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

तेव्हा मी जर्मनीत कार्ल्सरूहेला लेकीकडे नवीनच आले होते. साठी उलटली होती, अक्कल अजून वाटेत होती. जुलैतल्या एका सकाळी कचरा टाकायला अंगणात गेले, तर वरच्या मजल्यावरचे मस्यू बेर्नार गॅलरीत उभे. काळा सूट, टोपी हातात, डोळे भरलेले, कठड्याला झेंडा. म्हाताऱ्याचं कुणीतरी गेलं, मी ठरवूनच टाकलं. अशा घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं. डबा घेऊन दारात गेले ते तोंड इतकं पाडून, की त्यांनी माझंच सांत्वन केलं.

मला शोधत नात आली, रेवा. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आमचं छान चालतं. तिने सांगितलं, कुणी गेलेलं नाही, आज चौदा जुलै, फ्रान्सचा सण.

"गेली ना, राजेशाही गेली," पिठल्यात पाव बुडवत मस्यू म्हणाले. "सांत्वनाला आलात, बरं केलंत माडाम."

मग त्यांनी जर्मनमध्ये सगळं ऐकवलं; माझे प्रश्न रेवा त्यांना पोचवत होती. राजा म्हणेल तोच कायदा, आणि लोकांना पाव परवडेना. शेवटी पॅरिसची माणसं उठली आणि राजाच्या तुरुंगावर, बास्तीयवर, चालून गेली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला सगळे मिळून जेवले, नाचले; पुढे त्याचीच राष्ट्रीय सुट्टी झाली.

"आत कैदी किती होते?" मी विचारलं.

"सात."

"सात जणांसाठी एवढं?"

"कैदी मोजू नका माडाम, भिंत बघा."

जर्मनीत या सुट्टीला कोण विचारतो? ती ते एकटेच घेतात. जिना झाडायची पाळी असली तरी त्या दिवशी झाडत नाहीत. इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर कुरकुरला की विचारतात, "राजाचा हुकूम आहे का?" या गावाचे रस्ते राजवाड्यापासून पंख्यासारखे फुटलेले. राजवाड्याकडे सरळ चालत जाणं म्हणजे मुजरा, असं त्यांचं मत. म्हणून बाजारातसुद्धा गल्लीबोळांतून वेडीवाकडी वळणं घेत जातात. बायको इथलीच होती, तिच्यासाठी राहिले. ती गेल्यावर परत का गेला नाहीत, असं मी विचारलं होतं. "तिकडे सगळ्यांनाच सुट्टी असते, मग माझी काय मजा?" म्हणाले.

यंदा वसंतात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चौदा जुलैला मी अंगणात गेले, तर गॅलरीत झेंडा नाही, खिडक्यांचे पडदे खाली. जिना कशी चढले, माझं मला माहीत. बेल दाबली. पुन्हा दाबली. मग बोट काढलंच नाही. "अहो मस्यू, दार उघडा, नाहीतर मी पोलिसांना बोलावते," हे मराठीत ओरडले. घाबरल्यावर मला दुसरी भाषा येत नाही.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. मस्यू काठी टेकून उभे, काळा सूट, चकचकीत बूट. मी तिथेच पायरीवर बसले. मला हसूच येत होतं.

"आज मला दार उघडायचा हुकूम कुणी देऊ शकत नाही," ते म्हणाले.

"जिवंत आहात, ते आधी सांगायचं ना. झेंडा कुठाय?"

त्यांनी मान वळवली. झेंडा खुर्चीवर घडी घालून ठेवलेला, बाजूला स्टूल. त्यावर आता त्यांना चढता येत नव्हतं, आणि कुणाला सांगवलं नव्हतं. मी पदर खोचला, चढले. त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. मी वर गाठ मारत होते, तेव्हा खालून म्हणाले,

"बेल वाजत होती, तेवढा वेळ फार बरं वाटत होतं, माडाम. म्हणून लवकर उठलो नाही."